सोडलेली जबाबदारी आणि राखलेली किल्ली



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आपले सारे आयुष्य हिशेबतपासणीच्या कामात घालविले, आणि कोणतीही रक्कम 'किरकोळ' या सदराखाली ढकलण्यापूर्वी ती मुळात कोणाच्या नावावर पडावयास हवी होती याचा शोध घेतल्यावाचून ते सही करीत नसत, असे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या मंडळींकडून मी ऐकले आहे. आजचा विषय निवडताना मला त्यांच्या या शिरस्त्याचा आधार वाटला. कारण ज्या नुकसानीविषयी मी बोलणार आहे ती घरोघरी, कचेऱ्याकचेऱ्यांतून आणि शाळाशाळांतून नित्य होत असूनही तिची नोंद कोणाच्याच खात्यावर होत नाही, आणि अखेरीस तिचा भार ज्याचा त्यात काडीचाही दोष नाही अशा गिऱ्हाइकावर पडतो.

प्रसंग असा असतो. एखाद्या शाळेने, पतपेढीने किंवा दवाखान्याने रास्त दाम मोजून प्रिंटर, स्कॅनर अथवा तपासणीचे एखादे उपकरण घेतले. चार-पाच वर्षे ते बिनतक्रार चालले. मग संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली, ती आपोआप किंवा आग्रहाने बसविली गेली, आणि दुसऱ्या दिवशी उपकरण मुके झाले. त्याचा एक स्क्रूही ढिला झालेला नाही, त्याची एक तारही जळालेली नाही, काल ज्या कामासाठी ते घेतले होते ते काम करण्याची त्याची शक्ती आजही अबाधित आहे. उत्पादकाकडे तक्रार न्यावी तर तो सांगतो की यंत्र विकताना जी सिस्टिम प्रचारात होती तिच्यापुरतीच आमची हमी होती. सिस्टिमच्या कर्त्याकडे जावे तर उत्तर मिळते की ड्रायव्हर पुरविणे हे उत्पादकाचे काम आहे. आणि दुकानदार हमीपत्रावरील मुदत दाखवून मोकळा होतो. तिन्ही उत्तरे ज्याच्या त्याच्या हद्दीत खरी असतात, आणि तिन्ही एकत्र केली म्हणजे घडलेला अन्याय पुरा होतो.

ड्रायव्हर या वस्तूशी ज्यांचा प्रत्यक्ष परिचय नाही त्यांच्यासाठी तिचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. संगणकाचा सर्व कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. परंतु बाजारात येणाऱ्या असंख्य उपकरणांपैकी प्रत्येकाच्या अंतर्रचनेचे ज्ञान तिला असणे अशक्य आहे, यास्तव उपकरणाचा उत्पादक एक स्वतंत्र आज्ञावली लिहून तिच्या हवाली करतो. पेशवाईत निरनिराळ्या दरबारी जे वकील ठेवले जात त्यांचे आणि या आज्ञावलीचे काम एकाच जातीचे आहे: वकिलाला एकीकडे दरबारचे रीतिरिवाज पाठ असावे लागत आणि दुसरीकडे आपल्या धन्याचा मनोदय. दरबाराने रिवाज बदलले की जुना वकील कुचकामी ठरतो, आणि त्याला नवी समज देण्याचे सामर्थ्य केवळ त्याच्या धन्यापाशी असते, कारण धन्याचा मनोदय दुसऱ्या कोणास ठाऊकच नसतो. यात आणखी एक गोष्ट अशी की पुष्कळसे ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, सर्वाधिकार हाती घेऊन वावरतात. तेथे त्यांच्याकडून झालेली एक चूक सगळा संगणक बंद पाडावयास पुरते. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-आज्ञावलीच्या, सिस्टिमच्या गाभ्यात बसणाऱ्या भागाला पाठविलेल्या सदोष माहितीने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार ८५ लक्ष संगणक ठप्प झाले आणि विमानतळांपासून इस्पितळांपर्यंत सर्वत्र खोळंबा झाला, हे आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. सिस्टिमचे कर्ते गाभ्याचे दरवाजे दर आवृत्तीला अधिकाधिक बंद करीत आणतात ते निष्कारण नव्हे, हे या विषयाचा विचार करणाराने प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

हा प्रश्न सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला तो २००७ साली. त्या वर्षीच्या ३० जानेवारीस मायक्रोसॉफ्टने आपल्या सिस्टिमची विंडोज व्हिस्टा ही आवृत्ती सर्वांसाठी विक्रीस काढली. चित्र आणि ध्वनी यांची अंतर्गत व्यवस्था तीत मुळापासून बदलली होती, आणि तिच्या ६४-बिट आवृत्तीत प्रमाणित सहीवाचून कोणत्याही ड्रायव्हरला गाभ्यात प्रवेश उरला नव्हता. परिणाम असा झाला की एक्सपी या आधीच्या आवृत्तीवर सुखाने चालणारी असंख्य उपकरणे एकदम निरुपयोगी झाली किंवा अर्धवट चालू लागली. पुढे 'व्हिस्टा कॅपेबल' अशी चिठ्ठी लावून विकलेल्या संगणकांबाबत सिएटल येथील न्यायालयात फिर्याद दाखल झाली, आणि तिच्या ओघात कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार २००८ साली उघड झाला. तो वाचावयास मिळणे हा या विषयाच्या अभ्यासकाला लाभच म्हणावा लागेल. कंपनीतील एक वरिष्ठ अधिकारी स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी त्यात आपल्या स्वतःच्या घरच्या प्रिंटरलाही विक्रीच्या दिवशी नीट ड्रायव्हर मिळाला नसल्याचे नमूद केले असून, त्याची जी कारणे दिली आहेत त्यांत पहिले हे की ही आवृत्ती खरोखरच बाहेर पडेल यावर उत्पादकांचा विश्वासच उरला नव्हता, त्यामुळे त्यांनी कामाला २००६ च्या अखेरीपर्यंत हात लावला नाही. त्याच कागदपत्रांत व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदींची वर्गवारी आहे; तीत सुमारे २९ टक्के प्रसंग एनव्हिडिया या एकट्या कंपनीच्या ड्रायव्हरांकडे आणि सुमारे १८ टक्के स्वतः मायक्रोसॉफ्टकडे मांडलेले आढळतात. फिर्यादीला दिलेला सामुदायिक दर्जा न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये काढून घेतला, आणि जबाबदारीचा मूळ प्रश्न न्यायनिवाड्यावाचून राहिला.

मला या पत्रव्यवहारातून जे दिसते ते असे की येथे कोणी कोणाविरुद्ध कट केलेला नव्हता. एकाने तारखा वारंवार पुढे ढकलल्या म्हणून दुसऱ्याने तयारी केली नाही, दुसऱ्याची तयारी नाही हे ठाऊक असूनही पहिल्याने विक्री थांबविली नाही, आणि दोघांच्या मध्ये जो उभा होता त्या गिऱ्हाइकाशी या बाबतीत कोणाचाच करार झालेला नव्हता.

कराराच्या या अभावाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र व्हिस्टाचे नसून त्यानंतर दहा वर्षांनी घडलेले आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. २०१२ साली इंटेल कंपनीने 'क्लोव्हर ट्रेल' या नावाने ओळखले जाणारे अ‍ॅटम जातीचे प्रोसेसर बाजारात आणले. हे प्रोसेसर घातलेले हलके टॅब्लेट आणि छोटे संगणक एसर आदी कंपन्यांनी विंडोज ८ सह विकले. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली तेव्हा पहिल्या वर्षात ती विनामूल्य घेण्याची मुभा मायक्रोसॉफ्टने दिली आणि एकदा ती घेतली की उपकरणाच्या समर्थित आयुष्यभर ती अद्ययावत ठेवली जाईल असे जाहीर अभिवचनही दिले. या टॅब्लेटांच्या मालकांपैकी अनेकांनी ती घेतली. एप्रिल २०१७ मध्ये त्या सिस्टिमची 'क्रिएटर्स अपडेट' ही आवृत्ती आली, आणि ती बसवू पाहणाऱ्या या लोकांच्या पडद्यावर मजकूर उमटला की विंडोज १० या संगणकावर यापुढे समर्थित नाही. एसरने आपल्या गिऱ्हाइकांना कळविले की ही आवृत्ती बसविल्यास चिन्हे आणि अक्षरे दिसेनाशी होतील किंवा त्यांच्या जागी रंगीत चौकोन उमटतील.

जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने खुलासा केला. त्याचे तात्पर्य असे की नव्या आवृत्तीसाठी या प्रोसेसरांना नवे ड्रायव्हर लागतात, इंटेलने त्यांचे समर्थन थांबविले आहे, आणि त्यामुळे ही यंत्रे २०१६ च्या आवृत्तीवरच राहतील. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांना जानेवारी २०२३ पर्यंत मिळत राहतील. आता या प्रोसेसरातील चित्रदर्शनाचा भाग इंटेलने स्वतः रचलेला नव्हता. तो इंग्लंडमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीकडून परवान्याने घेतलेला होता. म्हणजे टॅब्लेट विकणारी कंपनी तैवानची, प्रोसेसर अमेरिकेतील एका कंपनीचा, त्यातील चित्राचा भाग इंग्लंडमधील दुसरीचा, सिस्टिम अमेरिकेतील तिसरीची. आणि यंत्र ज्याच्या हातात बंद पडावयाचे तो माणूस यांपैकी बहुतेकांची नावेही न ऐकलेला.

'उपकरणाचे समर्थित आयुष्य' हे शब्द ज्या अभिवचनात होते ते वाचणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाने त्याचा अर्थ काय घेतला असेल? यंत्र जोवर चालते तोवर, असाच. प्रत्यक्षात त्या आयुष्याची मर्यादा अभिवचन देणाराने ठरविलेली नव्हती आणि घेणाराने तर नव्हतीच नव्हती. ती ठरविण्याचा अधिकार त्या व्यवहारात सहीदारच नसलेल्या तिसऱ्या पक्षाच्या हाती होता, आणि त्याने तो वापरला तेव्हा ती यंत्रे चार-पाच वर्षांचीच होती. ज्याची मुदत परक्याच्या मर्जीवर अवलंबून आहे असे वचन देणे आणि ते अवलंबित्व अटींच्या बारीक अक्षरांत ठेवणे, याला मी गंभीर दोष समजतो. त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की मायक्रोसॉफ्टने २०२३ पर्यंतच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा भार उचलला. तो उचलण्याची सक्ती तिच्यावर कोणी केलेली नव्हती. आणि जे एकदा स्वेच्छेने करता आले ते अशक्य होते असे पुढे कोणास म्हणता यावयाचे नाही.

अशक्यतेच्या या सबबीला याहून सरळ उत्तर आम्स्टरडॅमच्या फेअरफोन नावाच्या एका लहान कंपनीने दिले आहे. तिचा दुसरा फोन २०१५ च्या अखेरीस निघाला. त्यातील क्वालकॉमच्या चिपसाठी अँड्रॉइड ७ पासून पुढचे समर्थन चिपकर्त्याने दिले नाही. बहुतेक कंपन्यांनी तेथेच हात टेकले असते आणि गिऱ्हाइकाला नवा फोन घेण्यास सांगितले असते. फेअरफोनने ते काम स्वतःच्या अंगावर घेऊन तोच फोन सातव्या, मग नवव्या आणि शेवटी दहाव्या आवृत्तीपर्यंत नेला, आणि मार्च २०२३ पर्यंत त्याचा सांभाळ केला. साधनसंपत्तीच्या दृष्टीने या कंपनीची आणि मघाच्या दिग्गजांची तुलनाच होऊ शकत नाही. गूगलनेही २०१७ साली अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीबरोबर चिपकर्त्याचा भाग आणि सिस्टिमचा भाग यांच्यामध्ये पक्की सीमारेषा आखली, जेणेकरून एकात बदल झाला म्हणून दुसरा नव्याने लिहावा लागू नये. दोष रचनेतच होता, याची ही कबुलीच होय.

उत्पादकांची बाजू मी नजरेआड करू इच्छित नाही. उपकरणाचे दाम एकदाच येते आणि त्याच्या सांभाळाचा खर्च वर्षानुवर्षे चालतो. स्पर्धेमुळे नफा पातळ झालेला असतो. सिस्टिमचा कर्ता आपल्या सोयीने बदल करणार आणि त्यामुळे आम्ही जुन्या मालावर पुन्हा पुन्हा मेहनत करावयाची, यात न्याय कोठला, असा त्यांचा सवाल आहे, आणि तो निरर्थक नाही. जन्मभर फुकट सांभाळ करा अशी मागणी कोणीही समंजस माणूस करणार नाही. माझा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे, आणि तो २००८ मधल्या एका घटनेने स्पष्ट होईल.

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीची साउंड कार्डे एके काळी जगभर घरोघरी होती. व्हिस्टा आल्यावर या कार्डांचे जे ड्रायव्हर कंपनीने दिले त्यांत एक्सपीवर मिळणाऱ्या काही सोयी नाहीशा झालेल्या होत्या. ब्राझीलमधील एका हौशी तंत्रज्ञाने ते ड्रायव्हर स्वतः सुधारले, हरवलेल्या सोयी पुन्हा चालू करून दाखविल्या आणि ते इतरांना वापरावयास दिले. मार्च २००८ मध्ये कंपनीने जाहीर पत्र लिहून त्याला हे काम थांबविण्यास सांगितले. ही मालमत्ता आमची आहे आणि कोणत्या कार्डाला कोणती सोय द्यावयाची हा आमचा व्यापारी निर्णय आहे, अशी तिची भूमिका होती. गिऱ्हाइकांत एवढा क्षोभ उसळला की थोड्याच दिवसांत कंपनीला ती सौम्य करावी लागली. तो तंत्रज्ञ देणग्या स्वीकारीत होता, हा कंपनीच्या तक्रारीचा एक भाग होता हे खरे. तथापि मूळ मुद्दा त्याने बदलत नाही. ज्या कामाची जबाबदारी आपण पार पाडीत नाही ते काम दुसरा कोणी करू लागताच आपला मालकी हक्क पुढे करावयाचा, हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील खरे पाप आहे. दार उघडण्याचे कर्तव्य सोडून दिले, आणि किल्ली मात्र खिशात ठेवली.

ही किल्ली म्हणजे उपकरणाच्या अंतर्रचनेची माहिती आणि ड्रायव्हरची मूळ संहिता. तिच्यासाठीचा झगडा नवा नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणारांना तशी सूचना जावी एवढी सुधारणा तेथील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या आज्ञावलीत करावयाची होती, आणि आधीच्या प्रिंटरवर ती त्यांनी केलेलीही होती. या वेळी मूळ संहिता मिळाली नाही. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या अभ्यासकापाशी ती होती त्याने गुप्ततेचा करार पुढे करून ती देण्याचे नाकारले. मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केली तिच्या मुळाशी अशा रीतीने एक प्रिंटर आहे.

त्या चळवळीशी नाते सांगणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात जबाबदारीचा जो नियम रूढ झाला आहे तो मला या विषयावर आजवर निघालेला सर्वांत न्याय्य ठराव वाटतो. लिनक्सचे कर्ते गाभ्याची अंतर्गत जोडणी स्थिर ठेवण्याचे आश्वासन मुळीच देत नाहीत; उलट सुधारणेसाठी ती केव्हाही बदलू, असे ते स्पष्ट सांगतात. परंतु त्याबरोबर दंडक असा की जो कोणी ही जोडणी बदलील त्यानेच गाभ्याच्या संहितेत समाविष्ट असलेल्या आणि त्या जोडणीवर विसंबणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांत तदनुरूप दुरुस्ती करावयाची. म्हणून ज्याच्या उत्पादकाने केव्हाच अंग काढून घेतले आहे असे उपकरणही, त्याचा ड्रायव्हर एकदा त्या संहितेत गेला असला म्हणजे, वर्षानुवर्षे चालत राहते. येथेही सांभाळ अनंतकाळ नसतो. वापरणारा कोणी उरला नाही की जुने ड्रायव्हर काढून टाकले जातात. मात्र ते उघडपणे, चर्चेनंतर काढले जातात, आणि काढलेली संहिता हवी असेल त्याला पुन्हा उचलता येते. बदल करणाराने भरपाई करावी हा नियम येथे पाळता येतो याचे कारण एवढेच की किल्ली सर्वांच्या हाती आहे. ज्याची संहिता बंद आहे त्याच्या बाबतीत हाच नियम सिस्टिमच्या कर्त्यावर लादणे अन्यायाचे होईल. जे त्याला दिसतच नाही ते तो दुरुस्त कसे करणार?

ड्रायव्हरचा धनीच, म्हणजे उत्पादकच, नाहीसा झाला तर काय होते तेही अगदी अलीकडे दिसले आहे. अगेर नावाची एक अमेरिकन कंपनी मोडेमच्या चिपा करीत असे. २००७ मध्ये ती एलएसआय या कंपनीत विलीन झाली आणि २०१४ मध्ये एलएसआयला अव्हॅगोने विकत घेतले. मधल्या काळात अगेरचा मोडेम-ड्रायव्हर विंडोजबरोबर आपोआपच येत राहिला. त्यातील एका छिद्राचा गैरवापर होत असल्याचे आढळल्यावर १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर दुरुस्त न करता समूळ काढून टाकला, आणि त्यावर चालणारे फॅक्स-मोडेम त्याबरोबर बंद पडले. त्याच तारखेस विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थनही संपले. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण एका कंपनीची मालमत्ता दुसरीने आणि दुसरीची तिसरीने घेतली असताना तिने विकलेल्या मालाविषयीचे दायित्व मात्र वाटेत कोठे गळून पडले, हे विचारण्याचा अधिकार त्या मोडेमच्या मालकाला आहेच.

जेथे जोडणीचा नमुना सार्वजनिक आहे तेथे हा तंटा उद्भवतच नाही, हे आनंदाने सांगितले पाहिजे. १९९६ मध्ये यूएसबीचे प्रमाण ठरले; आज कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह यांच्यासाठी एकसामायिक ड्रायव्हर प्रत्येक सिस्टिममध्ये असतो, आणि कोणत्याही अपडेटनंतर कीबोर्ड मुका झाल्याची ओरड सहसा ऐकू येत नाही. प्रिंटरांचे पाऊलही त्या दिशेने पडत आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली जाहीर केल्याप्रमाणे उत्पादकांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे पडून त्यांची जागा सर्वमान्य छपाई-प्रमाणावर आधारलेला एकच ड्रायव्हर घेणार आहे. नव्या प्रिंटरांच्या मालकांना याचा लाभ होईल. ते प्रमाण न जाणणाऱ्या जुन्या प्रिंटरांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

आपल्या मराठी मुलखात या प्रश्नाची झळ सर्वांत आधी ज्यांना लागली त्यांत छापखान्यांची मंडळी आहेत. युनिकोड हे अक्षरांचे सार्वत्रिक संकेत-प्रमाण रूढ होण्यापूर्वी मराठी मजकुराची जुळणी ज्या आज्ञावल्यांतून होत असे त्यांतील कित्येक, चोरटी नक्कल होऊ नये म्हणून, संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात बसविलेल्या एका हार्डवेअर लॉकवर चालत. त्या लॉकलाही ड्रायव्हर लागे. पुढे संगणकांतून ते पोर्टच गेले, आणि ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजच्या गाभ्यात चालूच शकत नसल्याने रीतसर पैसे भरून घेतलेली आज्ञावली नव्या यंत्रावर उघडेनाशी झाली. यामुळे एखादा जुना संगणक, त्यावर ८ एप्रिल २०१४ रोजीच समर्थन संपलेली एक्सपी, इंटरनेटपासून तोडलेला आणि हात लावण्यास कोणी धजत नाही असा, मी अनेक छापखान्यांत पाहिला आहे. कारण पंचवीस-तीस वर्षांच्या दिवाळी अंकांचा, कोशांचा आणि पाठ्यपुस्तकांचा जुळवलेला मजकूर त्याच्या पोटात आहे. तो संगणक गेला की तो मजकूर जसाच्या तसा उघडण्याचे साधन गेले. येथे नुकसान झाले ते एका यंत्राच्या किमतीपुरते नव्हे. आपल्या लिखित ठेव्याचा एक भाग परक्याच्या किल्लीवर टांगलेला राहिला. प्रयोगशाळांतही हेच चित्र आहे. लक्षावधी रुपयांचे विश्लेषणयंत्र उत्तम स्थितीत असते, आणि त्याचा प्राण त्याला जोडलेल्या एका कालबाह्य संगणकात अडकलेला असतो.

आता निवाड्याकडे येतो. माझ्या मते गिऱ्हाइकाशी पहिली आणि पूर्ण जबाबदारी ज्याच्या नाममुद्रेने उपकरण विकले गेले त्या उत्पादकाचीच आहे. चिप कोणाची आणि तिच्यातला परवाना कोणाचा याची उस्तवार त्याने आपल्या पुरवठादारांशी आधीच करारनामा करून करावी, ती गिऱ्हाइकाच्या दारात आणू नये. ही जबाबदारी किती वर्षांची ते त्याने विक्रीपूर्वी, खोक्यावर, तारखेसह छापावे. सिस्टिमच्या कर्त्याची जबाबदारी दुय्यम असली तरी हलकी नाही: जोडणी बदलण्यापूर्वी पुरेशी मुदत देणे, बदलाच्या तारखा पाळणे, आणि मुख्यतः ज्या संगणकाला जोडलेले उपकरण नव्या आवृत्तीने बंद पडेल त्यावर ती आवृत्ती मालकाच्या स्पष्ट संमतीवाचून न बसविणे आणि बसविल्यास परत फिरण्याची वाट मोकळी ठेवणे, हे त्याच्याकडून वसूल केलेच पाहिजे, कारण बदलाची वेळ आणि व्याप्ती ही दोन्ही सर्वस्वी त्याच्या हातात असतात. छापलेली मुदत संपली की उत्पादक मोकळा. पण एका अटीवर मोकळा. आपण यापुढे सांभाळ करणार नाही असे ज्या दिवशी तो जाहीर करील त्या दिवशी उपकरणाची तांत्रिक माहिती आणि देता येत असेल तेथे ड्रायव्हरची संहिता त्याने सर्वांसाठी खुली करावी, निदान दुसऱ्या कोणी ते काम केल्यास त्याला मज्जाव करण्याचा आपला हक्क सोडावा. त्या संहितेत परक्याचा परवाना गुंतलेला आहे ही सबब आज ऐकून घेता येईल, उद्या विकल्या जाणाऱ्या मालाबाबत नाही. कारण परवाना घेतानाच ही अट घालून घेणे त्याच्या हातचे आहे. आणि कंपनी विकली गेली तर मालमत्तेबरोबर हे देणेही घेणाराकडे जावे.

कायदा या दिशेने चालू लागला आहे, परंतु फार हळू. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी फोन आणि टॅब्लेट यांच्या बाबतीत, त्या नमुन्याची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे सिस्टिमच्या दुरुस्त्या देण्याचे बंधन घातले आहे. तेथलाच सायबर-सुरक्षेचा कायदा डिसेंबर २०२७ पासून पुरा अंमलात येईल, पण त्याचा भर छिद्रे बुजविण्यावर आहे, चालते उपकरण चालू राहण्यावर नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने उत्पादकाचे दायित्व एका स्वतंत्र प्रकरणात मांडले आहे, त्यात पुरेशी पूर्वसूचना न देणे हाही दायित्वाचा एक आधार मानला आहे, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केले. ड्रायव्हरअभावी बंद पडलेले उपकरण हा 'दोष' आहे असा अर्थ या अधिनियमातून निघू शकतो असे मला वाटते. मात्र तसा अर्थ ग्राहक आयोगापुढे कोणीतरी चिकाटीने मांडावा लागेल. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे कार्य ज्या पुण्यात सुरू केले तेथून हे काम उचलले गेले तर ते त्या परंपरेला साजेसेच होईल.

कायद्याची वाट न पाहता आपल्याला आजच करता येईल असे एक काम आहे. या सभागृहात शाळांचे विश्वस्त आहेत, सहकारी बँकांचे संचालक आहेत, ग्रंथालयांचे कार्यवाह आहेत, नगरपालिकांचे अधिकारी आहेत; दरवर्षी आपल्या सह्यांनी प्रिंटर, स्कॅनर आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रे शेकड्यांनी खरेदी होतात. पुढल्या निविदेच्या मसुद्यात दोन कलमे घाला: या उपकरणाला कोणत्या तारखेपर्यंत नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर मिळत राहतील ती तारीख पुरवठादाराने लिहून द्यावी, आणि त्या तारखेनंतर त्याची तांत्रिक माहिती खरेदीदाराला विनाअट द्यावी. जो हे लिहून देणार नाही त्याच्या निविदेवर सही करू नका.